डोंगर, समुद्र आणि गप्प झालेले मूल

एप्रिल महिना उजाडला की माझ्या दवाखान्यात येणाऱ्या पालकांच्या प्रश्नांचे स्वरूप पालटते. सर्दी-खोकला, लसीकरण, वजन हे नेहमीचे विषय आटोपले की उठता उठता आई किंवा वडील विचारतात, "डॉक्टरसाहेब, सुट्टीत बाहेर जातो आहोत. औषधे काय बरोबर घेऊ?" अनेक वर्षे मी या प्रश्नाचे उत्तर एका ठरावीक चिठ्ठीने देत असे : तापाचे औषध, उलटीचे औषध, ओआरएसची पाकिटे, मलम आणि पट्टी. कोठे जाणार, कसे जाणार, पहिली रात्र कोठे काढणार, हे मी विचारत नसे. ते विचारायला हवे, हा धडा मला एका प्रसंगाने दिला. तो प्रसंग संबंधित पालकांच्या संमतीने, त्यांची ओळख न देता, प्रथम सांगतो. वैद्यक व्यवसायातील माझ्या मित्रांना त्यात माझी चूक दिसेल. ती दिसावी म्हणूनच तो सांगत आहे.

एक प्रसंग

इंदूरमधील एक कुटुंब मे महिन्यात लडाखला गेले होते. आई-वडील, पाच वर्षांची मुलगी आणि आजी असा परिवार. निघण्याच्या चार दिवस आधी मुलीला साधी सर्दी झाली होती आणि मीच तिला तपासून "काही हरकत नाही" असे सांगितले होते. मंडळी दिल्लीमार्गे विमानाने लेहला उतरली. पहिल्या दिवशी संध्याकाळी बाजारात फेरी झाली. दुसऱ्या दिवशी मोटारीने खारदुंग ला ही खिंड पाहून सर्वजण परतले. त्या रात्री साडेदहाच्या सुमारास वडिलांचा दूरध्वनी आला. मुलीला तीन उलट्या झाल्या होत्या, जेवली नव्हती, डोके दुखते म्हणत होती. दुपारी बाहेर खाल्लेले बाधले असावे, असे त्यांना वाटत होते. मलाही तसेच वाटले. मी वजनाप्रमाणे उलटीच्या औषधाची मात्रा सांगितली, ओआरएस घोट घोट द्यायला सांगितले. दूरध्वनी ठेवण्यापूर्वी वडील म्हणाले, "आजी म्हणते, ही खेळत नाही, काही मागत नाही, नुसती गप्प बसून आहे." मी म्हणालो, "दमली असेल. झोपू द्या."

पहाटे आजींनाच प्रथम दिसले की मुलीचा श्वास भराभर चालला आहे आणि ओठ निळसर झाले आहेत. तेथील रुग्णालयात नेल्यावर निदान झाले ते उंचीमुळे फुप्फुसांत पाणी साठण्याचे. तेथील डॉक्टरांनी तातडीने प्राणवायू सुरू केला. दोन दिवसांनी मुलीला विमानाने खाली दिल्लीला आणण्यात आले आणि ती पूर्ण बरी झाली. आजींची झोप त्या पहाटे चाळवली नसती तर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळू शकत नाही.

त्या दूरध्वनीत मला निदानासाठी लागणारी सर्व माहिती मिळाली होती. स्थळ, उंची, दिवस, डोकेदुखी, उलटी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजींचे ते वाक्य. जुलाब नव्हते, ताप नव्हता, हे मी विचारलेसुद्धा नाही. मी उलटीचा उपचार केला. उंचीचा विचार केला नाही.

हा आजार आपल्या परिचयाचा का नाही?

आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. आमच्या लहानपणी सुट्टी म्हणजे आजोळ, आणि फार झाले तर पचमढी, अबू किंवा महाबळेश्वर. यांपैकी पचमढी सुमारे १,०५० मीटर, अबू सुमारे १,२०० मीटर आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर. उंचीचे विकार सामान्यतः २,५०० मीटरच्या वर मुक्काम केल्यावर संभवतात. त्यामुळे माळवा, महाराष्ट्र व गुजरातमधील कोणत्याही थंड हवेच्या ठिकाणी ते दिसत नाहीत. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या अनुभवाच्या शिदोरीत या आजाराला जागाच नाही, आणि इंदूरमध्ये व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांच्या रोजच्या अनुभवातही नाही. "थंड हवेचे ठिकाण मुलांना मानवते" हे आपले पिढीजात ज्ञान महाबळेश्वरपुरते खरे आहे, लेहपुरते नाही.

लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर आहे. दिल्लीहून विमानाने तेथे दीड तासाच्या आत पोहोचता येते. खारदुंग ला सुमारे ५,३५० मीटरवर आहे. सिक्कीममधील गंगटोक १,६५० मीटरच्या आसपास असले, तरी तेथून एका दिवसात जाऊन येण्याचे नथू ला ४,३०० मीटरवर आहे. मनाली सुमारे २,०५० मीटर, पण रोहतांग खिंड जवळजवळ ४,००० मीटर. गुलमर्ग २,६५० मीटर, आणि तेथील रोपवेचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. म्हणजे आपण "काश्मीर" किंवा "सिक्कीम" म्हणतो तेव्हा त्यात अनेक वेगवेगळ्या उंची असतात. प्रश्न विचारायचा तो राज्याचा नव्हे, रात्रीच्या मुक्कामाच्या उंचीचा.

उंचीवर नेमके काय घडते?

पुष्कळांची समजूत अशी की उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते. वस्तुतः ते सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो आणि खारदुंग ला येथे जवळजवळ निम्मा. दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसांत पोहोचणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो.

शरीर यावर उपाय करते, परंतु त्याला वेळ लागतो. प्रथम श्वासाची गती व खोली वाढते. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन रक्त किंचित अल्कलीधर्मी होते आणि त्यामुळेच श्वासाला पुन्हा लगाम बसतो. मूत्रपिंडे पुढील दोन-तीन दिवसांत जादा बायकार्बोनेट बाहेर टाकतात, तेव्हा हा लगाम सैल होतो. असेटाझोलामाइड हे औषध हीच क्रिया लवकर घडवून आणते, म्हणून ते उपयोगी पडते. या दोन-तीन दिवसांत आपण आणखी वर चढलो तर शरीराची तयारी मागे पडते आणि आजार पुढे जातो.

आजाराची तीन रूपे आहेत. पहिले सौम्य रूप म्हणजे डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न लागणे. दुसरे, फुप्फुसांतील रक्तवाहिन्या असमान आकुंचन पावून तेथील दाब वाढतो आणि फुप्फुसांत पाणी साठते. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, पुष्कळदा रात्री घडते. तिसरे रूप मेंदूला सूज येण्याचे; त्यात चाल अडखळते, ग्लानी येते. शेवटची दोन्ही रूपे प्राणघातक ठरू शकतात. नुकतीच झालेली सर्दी लहान मुलांमध्ये फुप्फुसांत पाणी साठण्याचा धोका वाढवते. मी "काही हरकत नाही" म्हटलेली ती सर्दी साधी होती हे खरे, पण ती घेऊन मूल कोठे निघाले आहे, हे पाहणे आवश्यक होते.

या विषयाच्या ज्ञानात भारतीय डॉक्टरांचा वाटा मोठा आहे, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. अमेरिकेत चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये उंचीवर फुप्फुसांत पाणी साठलेल्या एका तरुणाची हकिगत प्रसिद्ध केली आणि हा आजार न्यूमोनिया वा हृदयविकार नव्हे, याकडे लक्ष वेधले. त्यानंतर १९६२ च्या चीनच्या आक्रमणाच्या वेळी आपले हजारो जवान सपाटीवरून एकदम हिमालयात पाठवावे लागले. लष्करी वैद्यकीय सेवेतील इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. जगभर तो आजही संदर्भासाठी घेतला जातो. म्हणजे घाईने वर गेल्याचे परिणाम आपल्या देशाने फार पूर्वी, फार मोठी किंमत देऊन जाणले आहेत. सहलीच्या आखणीत मात्र ते ज्ञान अद्याप उतरलेले नाही.

मुलांमध्ये ओळखावे कसे?

मोठा माणूस "डोके दुखते" असे सांगतो. दोन वर्षांचे मूल ते सांगू शकत नाही, आणि पाच वर्षांचे मूल पुष्कळदा "पोटात दुखते" म्हणते. म्हणून मुलांसाठी चार गोष्टी पाहाव्यात : खाणे, खेळणे, झोप आणि चिडचिड. प्रवासाच्या दगदगीने मूल किरकिर करते, पण थोड्या विश्रांतीने व खाण्याने ते पुन्हा खेळू लागते. जे मूल विश्रांतीनंतरही खेळत नाही, आवडीचा खाऊ नाकारते, मांडीवरून उतरत नाही आणि गप्प होते, ते आजारी आहे. उंचीवर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत मुलाला जे काही होईल ते उंचीमुळेच आहे असे मानून चालावे. दुसरे कारण सिद्ध झाले तर आनंदच आहे.

बसल्या जागी धाप लागणे, खोकला वाढत जाणे, ओठ निळसर दिसणे, चालताना तोल जाणे किंवा मूल नीट जागे न होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. प्राणवायू द्यावा आणि खाली उतरावे. बहुधा ३०० ते १,००० मीटर उतरल्यावर आराम पडू लागतो. लेहसारख्या ठिकाणी रस्त्याने खाली येण्यासाठीही आधी उंच खिंडी चढाव्या लागतात. तेव्हा तेथे आधी रुग्णालय, मग विमान, हाच क्रम योग्य. बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र हल्ली घरोघरी आहे. ते जरूर न्यावे, पण लेहमध्ये निरोगी नवागताचा आकडाही नव्वदच्या आगेमागे असतो. केवळ आकड्यावर भिस्त न ठेवता मुलाकडे पाहावे.

टाळावे कसे?

नियम साधे आहेत. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीच्या मुक्कामापेक्षा दुसऱ्या रात्रीचा मुक्काम ५०० मीटरहून अधिक उंच नसावा, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. लेहला विमानाने गेल्यास पहिले दोन दिवस अक्षरशः काही करू नये. त्यानंतरही पॅंगाँगच्या काठी, ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर, लहान मुलांना घेऊन रात्रीचा मुक्काम करण्यापेक्षा दिवसा जाऊन लेहला परतावे. नथू ला किंवा रोहतांगला वर थोडाच वेळ काढून त्याच दिवशी खाली झोपायला आले, तर धोका पुष्कळ कमी राहतो.

असेटाझोलामाइडची प्रतिबंधक मात्रा मुलांसाठी दर किलो वजनामागे २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, अशी आहे. एका वेळी १२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. सावकाश चढणाऱ्या बहुतेक मुलांना त्याची गरज नसते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये, आणि ते दिले म्हणून घाई करण्याची मुभा मिळत नाही. जन्मजात हृदयविकार, फुप्फुसांतील रक्तदाबाचा विकार, डाउन सिंड्रोम, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा जुनाट फुप्फुसविकार असलेल्या मुलांना एवढ्या उंचीवर नेण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घेणे अनिवार्य आहे. आपल्या भागासाठी आणखी एक नाव जोडतो, ते म्हणजे सिकलसेल. झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानी या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत हा विकार आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला उंचीवर वेदनेचा तीव्र झटका येऊ शकतो, आणि एरवी पूर्ण निरोगी दिसणाऱ्या वाहकालाही तेथे प्लीहेला इजा होऊ शकते.

घाटातील रस्ता आणि बंद खोली

डोंगर चढताना भेटणारा पहिला त्रास म्हणजे गाडी लागणे. दोन ते बारा या वयात तो अधिक असतो. दोन वर्षांखालील मुलांना क्वचितच होतो. अंतर्कर्ण सांगतो "आपण वळतो आहोत", आणि डोळे पुस्तकावर किंवा मोबाइलवर असल्यामुळे ते सांगतात "आपण स्थिर आहोत". या विसंगतीतून मळमळ निर्माण होते. येथेही पहिले लक्षण उलटी नव्हे. बडबड करणारे मूल एकाएकी गप्प होते, जांभया देते, पांढरे पडते. त्याच क्षणी मोबाइल बाजूला ठेवून दूरवर पाहायला लावावे, खिडकी उघडावी आणि शक्य असल्यास गाडी थांबवावी. निघण्यापूर्वी उपाशी ठेवू नये आणि ठासून खाऊही घालू नये. प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलांना कदापि देऊ नये. त्याने श्वास मंदावू शकतो.

यापेक्षा गंभीर धोका खोलीत असतो. थंडी वाजते म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून कोळशाची शेगडी पेटवली जाते, किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू असतो. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, ग्लानी ही त्याची लक्षणे हुबेहूब उंचीच्या आजारासारखी असतात, आणि बोटावरचे यंत्र अशा वेळी खोटा दिलासा देणारा आकडा दाखवते. एका खोलीतील सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर आधी सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे. गरम ठेवण्यासाठी कपड्यांचे थर, टोपी व पायमोजे हा मार्ग निर्धोक आहे. झोपताना शेगडी खोलीबाहेर असावी.

बर्फातील ऊन हा विषय थोडक्यात सांगतो. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. थंडीमुळे ऊन जाणवत नाही, पण रात्री मूल डोळे चोळत रडते. बर्फात मुलांना काळा चष्मा ही चैन नसून गरज आहे.

समुद्र : आवाज न करता येणारे संकट

माळव्यातील माणसाला समुद्राचे आकर्षण उपजतच असते. नर्मदेत डुबकी मारलेली असते, पण लाटेशी ओळख नसते. गणपतीपुळे, दिवेआगर, अलिबाग किंवा गोवा येथे पोहोचल्यावर सामान खोलीत टाकून मंडळी थेट पाण्याकडे धावतात.

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो आणि "वाचवा, वाचवा" ओरडतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने बुडणाऱ्या माणसांचे निरीक्षण करून दाखवून दिले की खरोखर बुडणारा माणूस ओरडू शकत नाही. बोलण्यासाठी आधी श्वास लागतो, आणि त्याचे तोंड पाण्याच्या वर क्षणभरच येते. हात हलवून बोलावताही येत नाही; ते आपोआप बाजूंना पसरून पाण्यावर दाब देत राहतात. लहान मूल वीस सेकंदांतही पाण्याखाली जाऊ शकते. दहा पावलांवर आई-वडील छायाचित्र काढत असतात आणि त्यांना काहीही ऐकू येत नाही. पाण्यात खेळणारी मुले गलका करतात. गलका थांबला की मान वर करून पाहावे.

दुसरा धोका म्हणजे समुद्राकडे खेचणारा प्रवाह. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाण्यासाठी एखादी अरुंद वाट शोधते. त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, म्हणून तेथील पाणी आजूबाजूपेक्षा शांत आणि गडद दिसते. अनोळखी माणूस मुलांसाठी नेमकी तीच "शांत" जागा निवडतो. या प्रवाहाचा वेग क्वचित सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जातो. त्याच्याविरुद्ध ऑलिम्पिकमधील जलतरणपटूही पोहू शकणार नाही. हा प्रवाह खाली ओढत नाही, बाहेर ओढतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झटापट न करता तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि पोहता येत असल्यास किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या १४ तरुण विद्यार्थ्यांचा अंत झाला. ती धडधाकट वयाची मुले होती. पाच-सहा वर्षांच्या मुलांविषयी मग वेगळे काय सांगावे?

गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांमधील जागा पाण्यात उतरण्यासाठी. नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरू नये. जेथे जीवरक्षक नाहीत तेथे गावातील कोळी बांधवांना विचारावे आणि त्यांचा शब्द मानावा. पावसाळ्याच्या चारही महिन्यांत मुलांना समुद्रात नेऊ नये. पाच वर्षांखालील मूल पाण्यात असेल तर एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा, आणि त्या माणसाचे नाव ठरलेले हवे. दहा जणांच्या सहलीत "कोणी ना कोणी बघतच असेल" असे प्रत्येकाला वाटते, आणि म्हणून कोणीच बघत नसते. हवेने फुगवलेले टायर व हातातील फुगे ही खेळणी आहेत, सुरक्षेची साधने नव्हेत. हॉटेलचा तरणतलावही याला अपवाद नाही.

पाण्यातून काढलेल्या मुलाला उलटे धरणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आजही पाहावयास मिळतात. त्यांत मोलाची मिनिटे जातात आणि पोटातील पाणी श्वासनलिकेत जाते. मूल श्वास घेत नसेल तर सपाट जागेवर उताणे निजवून, हनुवटी वर करून, प्रथम तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत. प्रतिसाद नसल्यास मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबणे सुरू करावे. ३० दाबांनंतर दोन श्वास. बुडण्यात मूळ दोष प्राणवायूच्या अभावाचा असतो. म्हणून येथे केवळ छाती दाबणे पुरेसे नाही, श्वास देणे आवश्यकच आहे. शुद्धीवर आलेल्या, पण खोकणाऱ्या, धापणाऱ्या किंवा पेंगुळलेल्या मुलाला रुग्णालयात नेऊन काही तास देखरेखीखाली ठेवावे. "कोरडे बुडणे" या नावाने मोबाइलवर फिरणाऱ्या भीतीदायक संदेशांना मात्र आधार नाही. ॲमस्टरडॅम येथे २००२ मध्ये भरलेल्या जागतिक परिषदेने अशा सर्व संज्ञा मोडीत काढून बुडण्याची एकच व्याख्या निश्चित केली आहे. आठवड्यापूर्वी पोहलेले, अगदी बरे असलेले मूल एकाएकी बुडत नसते.

आपण काय करू शकतो?

व्यवसायबंधूंना माझी विनंती अशी की "बाहेर जातो आहोत" हे शब्द ऐकले की चिठ्ठीआधी तीन प्रश्न विचारावेत : पहिल्या तीन रात्री कोठे झोपणार, त्या जागेची उंची किती, आणि पाण्याजवळ मुलांवर लक्ष कोण ठेवणार? याला दोन मिनिटे लागतात. सहलीवरून आलेला दूरध्वनी घेताना प्रथम "कोठून बोलता?" हे विचारावे. मी आता तसा कागदच मेजावर ठेवला आहे. कृत्रिम श्वास व छाती दाबणे यांचे प्रात्यक्षिक आपल्या संस्थेने दरवर्षी सुट्टीपूर्वी समाजबांधवांसाठी ठेवावे, अशी सूचनाही या निमित्ताने करतो. एका दुपारपुरते ते काम आहे. माझ्या दवाखान्यातील बाहुली त्यासाठी उपलब्ध आहे.

पालकांना सांगणे एवढेच की मुलांना डोंगर दाखवा, समुद्र दाखवा. वर्षभर शाळा, शिकवणी आणि पडदा यांत कोंडलेल्या मुलांना मोकळ्या आकाशाची गरज औषधाइतकीच आहे, आणि हा लेख भीती घालण्यासाठी लिहिलेला नाही. फक्त सहलीचा वेग घरातील सर्वांत लहान मुलाला ठरवू द्या. पाच दिवसांत सात ठिकाणे पाहण्याचा कार्यक्रम मोठ्यांच्या समाधानासाठी असतो. मुलाला एकाच ओढ्याकाठी दोन दिवस दगड टाकायला मिळाले तरी पुरते. आगाऊ भरलेले पैसे बुडतील म्हणून आजारी मुलाला घेऊन पुढे जाणे, हा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही.

ती मुलगी आता नववीत आहे. गेल्या वर्षी मंडळी पुन्हा पहाडात गेली, या वेळी मनालीला, आणि जाण्यापूर्वी आजी स्वतः दवाखान्यात आल्या. "या वेळी उंची लिहून आणली आहे, डॉक्टर," असे म्हणत त्यांनी वहीचे पान पुढे केले. मुक्कामांची नावे, त्यापुढे मीटरचे आकडे, आणि शेवटी एक दिवस कोरा सोडलेला. मी विचारले, "हा दिवस कशाला?" त्या म्हणाल्या, "कोणी गप्प झाले तर थांबायला."